नंतर करता येईल की!

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. "मावशी, दोन मिनिटं आहेत का?" असं त्याने विचारलं तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. एरवी हा मुलगा थेट "काय खायला केलंयस?" पासून सुरुवात करतो.

तर प्रकरण असं. भाचेबुवांचं मेकॅनिकलमधलं एम.टेक. संपत आलंय. हातात दोन पत्रं आहेत. एक पुण्यातल्या एका कंपनीचं, वर्षाला १४ लाख. दुसरं, जिथे शिकतोय तिथल्याच पीएचडी प्रवेशाचं, दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप. दोन्हीकडे शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. भाऊजींचं मत नोकरी. त्याच्या सरांचं मत पीएचडी. ताईचं मत "तुला हवं ते कर, पण नीट विचार कर", म्हणजे नोकरी. :-)

"तू दोन्हीकडे राहिली आहेस मावशी, तूच सांग," तो म्हणाला.

आणि मी, हातातली सुरीसुद्धा खाली न ठेवता, म्हणाले, "अरे, नोकरी घे. पीएचडी काय, नंतर करता येईल की!"

तो "हं" म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. पोहे झाले, खाऊन झाले, आणि चहा घेताना माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाहीच. १९९८ साली बाबा मला हेच, अगदी ह्याच शब्दांत म्हणाले होते. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. फोनवर दोन मिनिटांत दिलेलं उत्तर चुकीचं होतं, म्हणून आता हे लांबलचक उत्तर. ताई, भाऊजी, तुम्ही हे वाचणारच आहात. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

१९९८ मध्ये माझं एम.टेक. झालं तेव्हा आमच्या सरांनी मला पीएचडीला थांब म्हणून सांगितलं होतं. बाबा दोन वर्षांनी निवृत्त होणार होते, धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. बाबांनी जबरदस्ती अजिबात केली नाही. फक्त ते वाक्य म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. 'नंतर' ह्या शब्दाची गंमतच ही आहे, की तो वापरला की कशालाच 'नाही' म्हणावं लागत नाही. मी पीएचडीला नकार दिला नव्हता ना, फक्त पुढे ढकलली होती! ते 'नंतर' उजाडलं २०१० साली. मधे बारा वर्षं गेली.

ती बारा वर्षं फुकट गेली असं मात्र मी म्हणणार नाही. त्यातला एक किस्सा सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

मी ज्या कंपनीत होते ती गाड्यांच्या सायलेन्सरचे सुटे भाग बनवायची. २००३ च्या सुमाराची गोष्ट. सायलेन्सर गाडीच्या खाली धरून ठेवणारी एक ब्रॅकेट असते. तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, वाकवलेला आणि वेल्ड केलेला. ती तीसपस्तीस हजार किलोमीटरला तडकून परत यायला लागली. कस्टमरची लाईन थांबायची वेळ आली. आमच्या हातात नऊ दिवस होते. आम्ही दोन बदल केले. वेल्ड जिथे संपत होतं ते टोक बाकापासून थोडं लांब नेलं, आणि पत्र्याला एक जास्तीची रिब जोडली. शेकरवर ठेवून हलवून हलवून पाहिलं. क्रॅक येईना. नवव्या दिवशी संध्याकाळी वडापावची पार्टी झाली आणि सगळे घरी जाऊन गाढ झोपले.

मी झोपले नाही. आपण दोन बदल केले, पण उपयोग नक्की कुठल्याचा झाला? वेल्डचा की रिबचा? मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे दोन आठवडे शेकर मागितला, एकेक बदल वेगळा तपासायला. साहेब फार चांगला माणूस. शॉप फ्लोअरवरचं मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, "मॅडम, क्रॅक थांबला ना? मग आता पुढच्या क्रॅककडे बघा." आणि त्यांचं बरोबरच होतं. शेकरच्या तासाला पैसे पडतात, आणि मागे तीन पार्ट्स रांगेत उभे होते.

शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याला मात्र झोप लागली होती. तो माझ्यापेक्षा कमी हुशार होता असं मुळीच नाही. त्याला आनंद क्रॅक थांबवण्यात होता आणि तो थांबला होता. आज तो एका मोठ्या प्लँटचा प्रमुख आहे, मजेत आहे, आणि त्याने आयुष्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त क्रॅक थांबवलेत.

उद्योगातला प्रश्न असतो "थांबला का?" विद्यापीठातला प्रश्न असतो "पडला का?", म्हणजे कशामुळे पडला? दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण तुम्हाला कोणत्या प्रश्नाच्या उत्तराने झोप लागते, हे ज्याचं त्याला तपासावं लागतं. पगार, प्रतिष्ठा, सुट्ट्या, स्थळं वगैरे सगळं त्याच्या नंतर.

२००८ मध्ये मी नोकरी सोडली आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. पगार निम्म्याहून कमी झाला. घराचे हप्ते चालू होते, मुलगी दुसरीत होती. दोन वर्षांनी पीएचडीला नाव घातलं. गाईड माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान! पहिल्या दिवशी कोणी कोणाला काय म्हणायचं हेच कळेना. शेवटी ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि मी त्यांना 'सर'. पहिले सहा महिने तर विसरलेलं गणित परत शिकण्यात गेले. १९९८ मध्ये ज्या पानांवरून मी सहज नजर फिरवत होते, त्याच पानांवर रात्र रात्र अडून बसायचे. २०१६ मध्ये व्हायवा झाली तेव्हा मी ४२ वर्षांची होते.

आता विद्यापीठी आयुष्याबद्दलचा एक गैरसमज. बाहेरून वाटतं की तिथे माणसं झाडाखाली बसून विचार करतात. प्रत्यक्षात आठवड्याला सोळा तास लेक्चर आणि प्रॅक्टिकल, सबमिशन, पेपर तपासणी, ॲडमिशनची ड्यूटी, आणि समिती येणार म्हणून रंगवायच्या फायली. संशोधन रात्री नऊनंतर आणि दिवाळीच्या सुट्टीत. पेपर पाठवला की आठ महिने उत्तर नाही, आणि उत्तर येतं ते "हे काम फारच व्यावहारिक आहे" असं. कंपनीत मला "तुम्ही फारच थिऑरेटिकल" म्हणायचे. म्हणजे मी बिचारी जिथे जाईन तिथे दुसऱ्या बाजूची!

पण एक सांगते. माझा प्रबंधाचा विषय तीच ब्रॅकेट होती (विषयाचं कागदोपत्री नाव तीन ओळींचं आहे, ते सोडा). चार वर्षांनी उत्तर मिळालं. सगळा उपयोग वेल्डचं टोक हलवण्याचा होता. रिबचा जवळजवळ काहीच नव्हता. ती रिब १४० ग्रॅमची. म्हणजे दर लाख गाड्यांमागे १४ टन पोलाद आम्ही उगीचच रस्त्यावर फिरवत होतो. मी हे जुन्या साहेबांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "मॅडम, हे त्या नऊ दिवसांत सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

दोघांचंही खरं होतं. आणि त्या रात्री मला झोप लागली.

थोडा इतिहास सांगते, कारण भाच्याला वाटतंय की तो आता एक दार उघडणार आणि दुसरं कायमचं बंद होणार. धातू थकतो, म्हणजे एरवी सहज पेलेल असं वजन लाखो वेळा पडलं की तडकतो, हे शास्त्र आलं कुठून? १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. आस असे अचानक का तुटतात हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. त्याचा चिकाटीने माग काढणारा ऑगस्ट व्योलर हा प्राध्यापक नव्हता, जर्मनीतल्या एका रेल्वेचा इंजिनिअर होता. त्याच्या मोजमापांतून निघालेला आलेख मी आज तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. भेगेमुळे वस्तू का तुटते ह्याचं पहिलं भक्कम गणित १९२१ मध्ये ग्रिफिथने मांडलं तेव्हा तो ब्रिटनच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत होता. पुढे १९३९ मध्ये तो रोल्स रॉइसमध्ये गेला. आणि पॉल पॅरिसची गोष्ट तर मी वर्गात दरवर्षी सांगते. १९५४ मध्ये कॉमेट विमानं धातूच्या थकव्यामुळे आकाशात फुटली. पुढच्याच वर्षी हा तरुण शिक्षक बोइंगमध्ये काम करायला गेला. तडा दर हेलकाव्याला किती वाढतो ह्याचा नियम त्याने मांडला, तेव्हा नामांकित नियतकालिकांनी तो पेपर नाकारला. शेवटी १९६१ मध्ये तो छापून आला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका साध्या नियतकालिकात. आज विमानाची तपासणी किती उड्डाणांनी करायची हे ठरवताना तोच नियम हाताशी असतो.

म्हणजे आमचा हा सगळा विषयच कारखाना, सरकारी प्रयोगशाळा आणि विद्यापीठ ह्यांच्यात ये-जा करत वाढलाय. आपल्या पुण्यातसुद्धा टेकडीवर १९६६ पासून एआरएआय आहेच, जिथे वाहन उद्योगाचे प्रश्न घेऊन संशोधन चालतं. तेव्हा "एकतर कारखाना, नाहीतर खडू-फळा" अशी दोनच खाती नाहीत.

मग नोकरी घेऊन नंतर पीएचडी केली तर काय बिघडलं? दारं उघडी आहेत, पण ती दोन्ही बाजूंनी सारखी उघडत नाहीत. पीएचडी करून कंपनीत जाता येतं, संशोधन विभागांना अशी माणसं लागतात. उलट यायचं तर काय काय लागतं बघा. एआयसीटीईच्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक एम.टेक.वर होता येतं, पण पुढच्या पायरीला पीएचडी लागतेच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत नोकरी करता करता अर्धवेळ पीएचडी करायची सोय आहे, पण कंपनीचं ना-हरकत पत्र हवं. त्याच वर्षी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाचा मार्गही आला. तिथे पदवीची अट नाही, पण किमान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो आणि नेमणूक जास्तीत जास्त चार वर्षांची. ह्या झाल्या कागदावरच्या अटी. कागदावर नसलेल्या अटी म्हणजे हप्ते, मुलांच्या शाळा, आईवडिलांची दुखणी, आणि विसरलेलं गणित. 'नंतर'ला यायला ह्या सगळ्यातून वाट काढावी लागते. माझं आलं, कारण घरच्यांनी साथ दिली. माझ्याबरोबरच्या चौघीजणींचं आलंच नाही.

आता भाऊजी, तुमचा मुद्दा. पैसे. तुमची काळजी खोटी नाही, पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता महिन्याला ११,००० आहे. मी हिशेब मांडलाय. फेलोशिप पहिली दोन वर्षं ३७,०००, मग ४२,०००. त्यातून हप्ता आणि हॉस्टेल-मेसचे साधारण ९,००० गेले की १७,००० उरतात. भागतं, पण घरी पाठवण्याइतकं उरत नाही. नोकरीत हातात महिना ९५,००० धरले तर पाच वर्षांत फरक पडतो ३३ लाखांच्या आसपास, पगारवाढ न धरता. हा फरक पुढे भरून निघेलच असं नाही. जो म्हणेल "ज्ञानापुढे पैशाचं काय", त्याला मी हा आकडा दाखवेन. पीएचडी फुकट नसते. ती ३३ लाखांना पडते, आणि ते मान्य करूनच घ्यावी.

आणि भाच्या, प्राध्यापक व्हायचं म्हणून पीएचडी करत असशील तर थांब. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, हे खरं. पण जागा निघायला हवी ना! आपल्या महाराष्ट्रात नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. खासगी कॉलेजांत पगार वेळेवर होईल ह्याची खात्री नाही. पीएचडीच्या शेवटी नोकरी ठेवलेली नसते. शेवटी फक्त 'का' विचारायची आणि उत्तर शोधायची सवय हाताला लागलेली असते. ती हवी असेल तरच जा.

शुक्रवारच्या आत दोन फोन कर. एक त्या सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांना. किती जणांची पूर्ण झाली, किती वर्षं लागली, मधेच कोण सोडून गेलं आणि का, आणि आता ते कुठे आहेत. सरांना विचारू नकोस, विद्यार्थ्यांनाच विचार. पाच वर्षं एका माणसाशी बांधलेली असतात. लग्नाआधी आपण ह्याहून जास्त चौकशी करतो! दुसरा फोन कंपनीत. काम कुठल्या विभागात, साहेब कोण, पेपर छापायची परवानगी असते का, आणि दोनतीन वर्षांनी अर्धवेळ पीएचडीला ना-हरकत पत्र मिळतं का. शेवटच्या प्रश्नाला ते "बघू" म्हणाले तर त्याचा अर्थ 'नाही' असाच घे.

माझं मत विचारशील तर, घर तुझ्या पगारावर चालणार असतं तर मी म्हटलं असतं, नोकरी घे आणि मनात अपराधी वाटून घेऊ नकोस. बाबांच्या काळात आमचं घर तसंच होतं, म्हणून मला तो निर्णय चुकला असं आजही वाटत नाही. चुकलं ते 'नंतर'ला तारीख न घालणं. नोकरी घेतलीस तर त्याच दिवशी डायरीत लिही की अमुक वर्षी अर्ज करणार, किंवा स्पष्ट लिही की करणार नाही. दोन्ही चालेल. अधांतरी ठेवू नकोस, कारण अधांतरी ठेवलेली गोष्ट बारा वर्षं टोचत राहते.

पण तुझं घर तुझ्या पगारावर चालत नाहीये. आणि रविवारी बोलता बोलता तू एक वाक्य सहज बोलून गेलास. प्रोजेक्ट सबमिट झालंय, मार्कही मिळालेत, तरी तू रविवारचा लॅबमध्ये होतास, कारण दोन रीडिंग्ज जुळत नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला ते हवंही नाहीये. मी तेव्हा कांद्यात होते, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. आता आलंय. तुला झोप कशाने लागते ते तू मला सांगून टाकलंस रे.

म्हणून रविवारचं उत्तर मी मागे घेते. माझं मत पीएचडी. ३३ लाखांचा हिशेब समोर ठेवून, भाऊजींशी शांतपणे बसून बोलून, आणि ते दोन फोन केल्यानंतर. फोनवर वेगळंच काही कळलं तर मत बदल, मी काही म्हणणार नाही.

आज मंगळवार. अजून तीन दिवस आहेत. रात्री त्याला फोन करणार आहे, ह्या वेळी काही न चिरता.

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जण इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे गेला आहात. तुमचं 'नंतर' आलं का? आलं असेल तर किती वर्षांनी, आणि काय देऊन? जरूर सांगा. भाच्याला वाचायला देईन.